मठाचं बोर: बाटलीतलं आणि झाडावरचं

"लोक तुळजापूरला जातात, जेजुरीला जातात. तुम्ही बोराला चाललात," असं आमची ही म्हणाली आणि तरीही शिदोरीत नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त बांधल्या.

निमित्त रेडिओचं. संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात एक बाई सांगत होत्या की, सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गावठी फळझाडांची रोपं काचेच्या नळीत तयार होताहेत. बोर, कवठ, चारोळी. फुटव्याचं नखाएवढं टोक घ्यायचं, औषधपाण्यात वाढवायचं, एकाची दहा आणि दहाची शंभर करायची. म्हणजे दुष्काळात वठत चाललेले जुने वाण नाहीसे होणार नाहीत, आणि पुढे त्यांच्यापासून नवेही काढता येतील. पहिलं यश अक्कलकोटच्या पलीकडच्या एका मठातल्या बोराला आलंय, असं बाई म्हणाल्या. मी चाकूला धार लावत होतो. ती तशीच राहिली.

मी करमाळा तालुक्यातला. शाळा चौथीत सुटली. कलमं कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. झाडं बिघडवून शिकलो. आज माझ्या बांधावर बोराचे जेवढे प्रकार आहेत ते डोळे बांधून नुसत्या आठळीवरून ओळखून दाखवतो. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगतोय.

मठाचं बोर मी एकदाच खाल्लं होतं. मिशी काळी होती तेव्हा, एका लग्नाच्या वऱ्हाडात. बोटाच्या पेराएवढं लांब, पिकलं तरी हिरव्यावर पिवळी झाक, चावलं की काकडीसारखा आवाज, आणि घशाला अजिबात न धरणारी गोडी. झाडाला काटेही मोजकेच. तिथल्या तिथे मी डोळे असलेली एक काडी मागितली. मिळाली नाही. झाड देवाचं, त्याला लोखंड लावत नाहीत, असं उत्तर मिळालं. खिशात आठळ्या भरून आणल्या आणि पेरल्या. उगवल्या सगळ्या, आणि सगळी बोरं निघाली आंबट. बोराचं बी आईवर जात नाही. तेच बोर हवं असेल तर त्याच झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, दुसऱ्या मुळावरच्या झाडावर, खुंटावर, भरावा लागतो, याला दुसरा रस्ता नाही. तेव्हापासून माझ्या बांधावर एक जागा त्या झाडासाठी रिकामी आहे. आता चाकू न लावता तेच झाड बाटलीतून मिळणार म्हटल्यावर घरात बसवेना.

महाशिवरात्र होऊन गेल्यावर निघालो. तुम्हीही जाणार असाल तर हाच काळ धरा. ऊन सोसवतं आणि बोराचा हंगाम अजून शेपटीला असतो. करमाळ्याहून सोलापूरला थेट एसटी आहे, पण ती तिच्या मनाने येते. टेंभुर्णीला उतरून गाडी बदलायची तयारी ठेवावी. टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता पोटातलं ताक घुसळून लोणी काढतो, मोठ्या रस्त्याला लागलं की मग झोप येते. सकाळच्या गाडीत डाव्या बाजूला बसू नका, मोहोळपर्यंत ऊन तोंडावर राहतं. तिकिटाला दहाची नोट दिली की थोडी मोड परत येते, आणि कंडक्टरकडे ती कधीच नसते.

मोहोळला हरभऱ्याचे डहाळे घेऊन एक गडी शेजारी बसला.

"कुनीकडं, पाव्हणं?"

"सोलापूर. बोराचं रोप आणायला."

"बोराचं?" त्याने पलीकडच्याला कोपर मारलं. "ऐकलं का? गाडीभाडं घालून बोर आनाय चाललेत. आवो, आमच्यात बोरी उपटायला मजूर लावत्यात की."

"ती रानबोरी. हे मठाचं आहे."

"मठाचं असलं म्हून काटं कमी असत्यात व्हय?"

अर्धी गाडी हसली. काटे खरोखरच कमी होते, पण ते गाडीत पटवून देण्यासारखं नव्हतं. त्याने मला मूठभर हरभरा सोलायला दिला आणि सोलापूर येईपर्यंत आपल्या मेव्हण्याच्या कागाळ्या सांगितल्या.

सोलापुरात स्टँडजवळ लॉजमध्ये खाट मिळते. उशी मागून घ्यावी लागते, ढेकूण न मागता येतात. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की झोपायची सोय नाही, शहरच उठतं. सात रस्त्याच्या अलीकडे एका खानावळीत पापडासारखी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही मिळालं. एवढं एक जेवण या साऱ्या प्रवासात मला जसं हवं होतं तसं मिळालं, म्हणून नोंदवून ठेवतो.

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. रेडिओवरच्या बाई तिथेच होत्या. इनामदारबाई. चाळिशीच्या आतल्या, बारीक, साडीवर पांढरा डगला, बोटं स्पिरिटने पांढरी पडलेली. मी कोण, कुठून आलो, हे त्यांनी नीट ऐकून घेतलं. चप्पल बाहेर, हात कोपरापर्यंत धुवा, मग स्पिरिट, मग आत. आणि आत बोलायचं नाही. आमच्या गावच्या देवळात एवढं सोवळं नाही.

आत फळ्यांवर ट्यूबलाइटखाली नळ्यांच्या रांगा. प्रत्येक नळीच्या तोंडाला कापसाचं बूच, तळाला खरवसासारखा थरथरता थर, आणि त्यात उभं बोट-बोट उंचीचं बोराचं झाड. पानं, दांडा, खाली पांढरी मुळं, सगळं काचेतून दिसत होतं. मी आयुष्यभर मातीखाली काय चाललं असेल याचा अंदाज करत आलो. इथे ते उघडं. खोटं कशाला बोलू, मी वाकून एकाची मुळं मोजत बसलो. मग हेवा वाटला. मग मी एक नळी उजेडात धरून पानाची खालची बाजू पाहिली. पान गोल होतं आणि खालून पांढरट लव होती.

बाहेर आल्यावर विचारलं, "बाई, टोक झाडावरचं कुठलं घेतलंत?"

"आधी वर जिवंत उरलेल्या दोन-तीन डहाळ्यांचं घेतलं होतं. ते नळीत चहासारखं काळं पाणी सोडतं आणि मरतं. जुन्या झाडांचं असंच होतं. मग बुंध्याशी आलेले फुटवे घेतले. ते कोवळे असतात, लगेच वाढतात."

"बुंध्याशी म्हणजे जमिनीतून?"

"जमिनीतून, खोडाच्या खालच्या भागातून. का?"

"झाड कलमी असेल तर खालून येतं ते खुंटाचं. रानबोर."

बाई रागावल्या नाहीत. "तेवढं मलाही कळतं हो," त्या म्हणाल्या. "मी तिथे पहिला प्रश्न तोच विचारला होता. झाड कलमी आहे का? तर ते लोक असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या देवाची जात विचारली. स्वयंभू आहे म्हणाले. आपोआप उगवलेलं. मग प्रश्नच मिटला, नाही का?"

"खोड बघितलंत?"

"खोडाला विभूतीचा जाड लेप असतो. त्यांची पूजेची जागा आहे ती. मी बोट लावलं नाही."

"पान मठाच्या बोराचं नाही. त्याचं लांबट असतं."

"नळीतलं पान खरं नसतं. मोठं झाल्यावर बदलतं. तुम्ही झाड पाहिलंय म्हणता, त्याला वीस वर्षं झाली." मग त्यांनी नळीतून काढून रुळवलेलं एक रोप कपाटाआडून आणलं. मातीच्या कुंडीत, वर काचेचा पेला पालथा घातलेला. "परत जाताना घेऊन जा. पण आधी जाऊन बघून या. खरंच या बघून. काही दिसलं तर मला सांगायला या."

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. पुढच्या महिन्यात मोठ्या साहेबांच्या हस्ते मठाच्या आवारात पहिली रोपं लावायची होती, तेही त्यांनी सांगितलं.

अक्कलकोटला गाड्या भरपूर. तिथून पुढे एक गाडी सीमेकडे जाते, ती चुकली तर बैलगाडी किंवा पाय. माझी चुकली. रस्ता काळ्या रानातला, दोन्हीकडे कापणीला आलेली ज्वारी, आणि लोक हळूहळू मराठीतून कानडीत शिरतात. रस्ता विचारला की अर्धं उत्तर आपलं, अर्धं त्यांचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

मठ सांभाळणारा सिद्रामप्पा माझ्याच वयाचा, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात गुऱ्हाळातल्या गड्यासारखी ताकद. त्याची आई गौरव्वा ओट्यावर तूर निवडत होती. "बर्री, बर्री," म्हणून तिने बसायला पोतं टाकलं, पाण्यासोबत गूळ दिला. बोरासाठी करमाळ्याहून आलोय म्हटल्यावर सिद्रामप्पाची कळी खुलली.

"दुष्काळात समदं झाड वाळलं होतं, पाव्हणं. आमी म्हणलं, देव गेला. गावात दोन दिस चूल पेटली न्हाय. आन पुढच्या पावसाला बुडातनं फुटलं की! हलगी लावून पूजा केली. यंदा पयल्यांदा बोरं बी लागली. घ्या."

पानावर प्रसाद म्हणून चार बोरं ठेवली. सुपारीएवढी, गोल, लालसर. मी एक तोंडात टाकलं. घसा धरला.

"जरा आंबट हाय," माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला. "माणसाचं पुण्य कमी झालं, झाड काय करंल?"

झाड मठाच्या मागे. वर काळं, वाळकं खोड आणि वाळक्या फांद्या, खाली चहूबाजूंनी हिरव्यागार फुटव्यांचं रान, काट्यांनी गच्च. आणि दोहोंच्या मध्ये, कमरेएवढ्या उंचीवर, खोडाला एक फुगवटा. त्यावर विभूती, बेल, ताज्या फुलांची माळ. हे लिंग, असं सिद्रामप्पाने सांगितलं. झाडाच्या पोटातून आपोआप वर आलेलं.

मी हात जोडले. हात जोडतानाच मला ते दिसलं. फुगवट्याखालची साल खोल भेगांची, खडबडीत. वरची साल बारीक, वेगळी. एकही फुटवा फुगवट्याच्या वर नव्हता. कुणीतरी, कधीतरी, इथलं रानबोर कमरेवर छाटून त्यावर कुठून तरी आणलेल्या चांगल्या बोराचा डोळा भरला होता. सांधा वर्षानुवर्षं फुगत गेला. वरचं झाड दुष्काळात गेलं, खालचं रानबोर उठलं. गाव ज्याला देव परत आला म्हणत होतं, तोच देव गेल्याचा पुरावा होता. आणि बाईंच्या फळ्यांवर त्या रानबोराचीच पोरं उभी होती.

परवानगी मागून अनवाणी वर चढलो. नखाने फांद्या खरवडत गेलो. जिवंत फांदीची साल खरवडली की खाली हिरवं दिसतं, मेलेली आत तांबूस असते. तांबूस. तांबूस. सगळं तांबूस. उत्तरेच्या अंगाला, खोडाच्या सावलीत, एक पेन्सिलीएवढी डहाळी होती, तिला तीन-चार लांबट पानं. नख लावलं. हिरवं.

अख्ख्या जगात मठाचं बोर तेवढंच उरलं होतं.

खाली उतरून मी सिद्रामप्पाला ती डहाळी मागितली. चाकू लावणार नाही म्हटलं. त्याने आईला विचारलं. गौरव्वा बराच वेळ कानडीत बोलली आणि शेवटी हाताने मोडल्याची खूण केली.

"आई म्हणती, लोखंड न्हाय लावायचं. हातानं मोडून घ्यायला हरकत न्हाय. उद्या सकाळी पूजा झाली की घ्या."

वीस वर्षांनी मला होकार मिळाला. मी बसलो. जेवणाची तयारी चालली होती. आणि सिद्रामप्पाने, अगदी साध्या मनाने, विचारलं:

"पण पाव्हणं, तेवढ्या मरतुकड्या काडीचं काय करनार? खाली हिरवंगार हाय, ते न्या की. बाईसायबांनी तेच नेलं."

"खालचं ते बोर नव्हे," मी म्हणालो.

"म्हंजे?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. वरचं देवाच्या डोक्याजवळचं आहे, म्हणून हवंय, एवढं म्हटलं असतं तरी तो हरखून गेला असता. पण चुकीचं बोललेलं मला घरच्या माणसाकडूनही खपत नाही, आणि इथे तर झाडाचा प्रश्न होता. मी उठलो, फुगवट्यापाशी गेलो, बोटाने वरची साल आणि खालची साल दाखवली, आणि सगळं सांगितलं. सांधा कसा धरतो, का फुगतो. पोरांना शिकवावं तसं.

सिद्रामप्पा ऐकत राहिला. मग म्हणाला, "ह्यो सांधा हाय म्हंता."

"हो."

"आन ज्यानं क्येला त्यानं चाकू लावला व्हता."

"चाकूशिवाय डोळा भरता येत नाही."

"आमचा आजा सांगायचा, झाड आपोआप आलं. आजा खोटं बोलला म्हंता?"

"आजोबांना माहीत नसेल."

त्याने आईला सांगितलं. किती सांगितलं, कसं सांगितलं, मला कळलं नाही. म्हातारीने तुरीचं सूप बाजूला ठेवलं. "ब्याड," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता पुन्हा, "ब्याड, ब्याड." कानडी न येणाऱ्यालाही हा शब्द कळतो. नको.

कोणी आवाज चढवला नाही. मला जेवायला वाढलं. आमटी, भाकरी, वर तुपाची धार. सिद्रामप्पा शेजारी बसला, स्वतः जेवला नाही. मी हात धुतल्यावर म्हणाला, "झोपा सकाळपत्तुर. पन झाडाला हात लावू नका, पाव्हणं. तुमी मानसं लई शिकल्याली."

चौथी शिकलेल्या माणसाला हे ऐकून हसू यायला हवं होतं.

सकाळी पहिल्या गाडीने परत फिरलो. खरं बोलावं असं सगळे सांगतात. बोलावं, पण आधी डहाळी हातात पडू द्यावी, हे कोणी सांगत नाही.

सोलापुरात इनामदारबाईंना पाहिलेलं सांगितलं. फुगवटा, साल, काटे, बोराची चव. त्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. खोलीतला पंखा बंद होता, धूळ उडू नये म्हणून. दोघांनाही घाम सुटला होता.

"मग माझ्या फळ्यांवर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"उत्तम खुंट."

त्या हसल्या नाहीत. "साहेबांना मी काय सांगू? एका गृहस्थांनी साल बघितली? फळ आल्याशिवाय मला काही म्हणता येणार नाही. म्हटलं, तरी कोणी ऐकणार नाही. कार्यक्रम ठरलाय." मग स्टुलावरून उठत म्हणाल्या, "ती डहाळी मी मागून बघते. माझ्यावर अजून रागावले नाहीत ते."

गेल्याही त्या. सिद्रामप्पाने त्यांना चहा पाजला आणि खालचे हवे तेवढे फुटवे देऊ केले. वरच्या फांदीचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "त्या करमाळ्याच्या मानसानं शिकवून पाठवलं व्हय?" आणि विषय संपला. ठरल्या दिवशी मठाच्या आवारात रोपं लागली, हलगी वाजली. हे मला बाईंनीच नंतर कळवलं, आणि वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्याने वरचं वाळकं झाड त्या डहाळीसकट पडलं, तेही त्यांनीच. गावाला बरंच वाटलं म्हणे. लोखंड न लावता आपोआप जागा मोकळी झाली. लाकूड मठाच्या चुलीला गेलं.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर मठ चुकवू नका. माणसं लाख मोलाची आहेत, पाणीही गुळाशिवाय देणार नाहीत. प्रसादाला बोरं मिळतील. खा. आंबट लागली तर काही बोलू नका.

बाईंनी दिलेलं रोप मी मांडीवर धरून घरी आणलं होतं. फेकून द्यायला निघालो, तर ही म्हणाली, "जगतंय ना? मग राहू द्या की." काचेचा पेला रोज थोडा थोडा तिरका करून त्याला बाहेरच्या हवेची सवय केली, आणि पहिल्या पावसावर बांधावरच्या त्या रिकाम्या जागेत लावलं. काचेतलं झाड इतक्या जोमाने वाढेल असं वाटलं नव्हतं. वर्षात छातीला लागलं. काटे भरपूर. बाईंचं काम चोख होतं, यात शंकाच नाही. त्यांनी जे हाती घेतलं ते वाढवून दाखवलं.

यंदाच्या जूनमध्ये खुंट अंगठ्याएवढा झाला. चाकूच्या टोकाने सालीला चीर दिली तर ती दोन्हीकडे सहज सुटली, आत ओली, स्वच्छ. डोळा भरायला यापेक्षा चांगला खुंट माझ्या हाताखाली कधी आला नव्हता. मी चीर पुन्हा दाबून बंद केली आणि सुतळीने बांधून टाकली.

शेजारचे तुकाराम अण्णा म्हणतात, दुसऱ्या कसल्या तरी बोराचा भर की, तुझ्याकडे काय कमी आहेत? भरीन. खुंट फार जाड झाला की साल डोळा धरत नाही, तेव्हा फार दिवस थांबताही येणार नाही. अजून भरलेला नाही.